‘तहानच नाही गं’ म्हणणाऱ्या माणसाला काय पाजायचं?

चैत्र लागला की आपल्या या सदराकडं येणारी पत्रं बदलतात. घरात वयस्क नाहीतर अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि ते पाणी पीना झालंय, असं सांगणारी पत्रं यंदा खूप आली. काही सुनांची आहेत, काही लेकांची, आणि घरोघरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्या ताई-मावशींची पण आहेत. सगळ्यांना आधी एकच सांगते, पाणी नको म्हणणाऱ्या माणसाला हट्टी म्हणू नका. त्या ‘नको’मागं काहीतरी कारण असतंय. ते सापडलं की अर्धं काम होतं, उरलेलं अर्धं आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

ताई, माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय ७८. बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागतं. दिवसभरात एक-दीड ग्लास पाणी पितात, पुढं ठेवलेला ग्लास तसाच राहतो, विचारलं की ‘तहानच नाही गं’ म्हणतात. मागं लघवीला जळजळ झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले पाणी वाढवा. पण वाढवू कसं?
— एक सून, औसा

आत्या खरंच बोलू लागल्यात बरं का. वय झालं की तहानेची जाणीवच मंद होते, अंगात पाणी कमी पडलेलं असतंय पण मेंदूला ते उशिरा कळतं, वरून किडनीची पाणी धरून ठेवायची ताकदही कमी झालेली असते. त्यामुळं ‘मागितलं की देऊ’ असं ठेवलं तर त्या मागणारच नाहीत.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे पण बोलायलाच पाहिजे. धरून न्यावं लागतं म्हणता ना, मग दर वेळी सुनेला हाक मारायची त्यांना लाज वाटत असणार, रात्री उठवायचं तर जिवावरच येत असणार, कधी कपडे ओले झाले असतील तर ते कुणाला सांगितलंही नसेल. कितीतरी म्हाताऱ्या बाया अशा वेळी आपल्या मनानंच पाणी तोडतात. म्हणून एकदा त्यांच्याजवळ निवांत बसा, ‘आत्या, तुम्हाला नेण्यात मला काही त्रास नाही’ असं सांगा, आणि नुसतं सांगून थांबू नका, दर दोन तासांनी तुम्हीच ‘चला, जाऊन येऊ’ म्हणून उठवा म्हणजे त्यांना हाक मारायची वेळच येणार नाही. जमलं तर कमोडची खुर्ची पलंगाजवळ घ्या. आणि पाण्याचा मोठा भाग सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंतच पोटात जाऊ द्या, त्यानंतर गोळीपुरतं, म्हणजे रात्रीची उठबस कमी होते.

चवीचं पण बघा. बोअरचं पाणी खारं, मचूळ असतंय, आपण सवयीनं पितो पण आजारी तोंडाला ते जात नाही. माठातलं नाहीतर फिल्टरचं देऊन बघा, त्यात पुदिन्याची पानं, लिंबाची फोड, वाळ्याची जुडी असं काहीतरी टाका. आणि आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यभर पाणी पुरवून पुरवून वापरलंय हे पण लक्षात घ्या, लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती. भरलेला ग्लास बघितला की ‘एवढं कशाला, वाया जाईल’ हे त्यांच्या तोंडून आधी येतं. त्यांच्यापुढं ग्लास ठेवूच नका, फुलपात्र ठेवा, तेही अर्धंच, आणि ते रिकामं झालं की तासाभरानं परत अर्धं.

आता पाण्याशिवाय काय द्यायचं. तुम्ही औशाच्या, म्हणजे येळवसीला (वेळ अमावास्येला) शेतात बसून अंबील पिण्यात आत्यांचा जन्म गेलेला. ती अंबील वर्षातून एकदाच कशाला? रात्री दोन चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवा, सकाळी त्यात दीड-दोन वाट्या पाणी घालून मंद आचेवर सारखं ढवळत शिजवा, नाहीतर गुठळ्या होतात. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ मात्र चिमूटभरच, गार झाली की वरून पातळ ताक सोडा. तोंडाला लावून पिता येईल इतकी पातळ ठेवायची. साधं पाणी ढकलून देणारी माणसं ही वाटीभर अंबील आवडीनं पितात, कारण ती त्यांच्या ओळखीची आहे आणि ‘औषध म्हणून पी’ असं तिच्यात काही नाही.

म्हाताऱ्या बाईच्या पोटात दिवसाकाठी पेयं मिळून साधारण १.६ लिटर आणि पुरुषाच्या २ लिटर जावीत असं धरतात, उन्हाळ्यात थोडी जास्तच. हा आकडा ऐकून घाबरू नका, कारण त्यात चहापण धरतात, चहानं अंगातलं पाणी निघून जातं ही समजूत रोजच्या दोन-तीन कपांना लागू नाही. आता मोजून बघा. दोन वेळचा चहा २०० मिली, सकाळची अंबील २००, दुपारचं ताक २००, संध्याकाळी चिंचेचं नाहीतर टोमॅटोचं सार १५०, तीन वेळच्या गोळ्यांसोबत दर वेळी अर्धा ग्लास म्हणजे ३००, आणि मधे मधे फुलपात्रातून चारेकशे. हे झालं साडेचौदाशे. त्यात जेवताना पातळ वरण आणि दुपारी वाटीभर टरबूज धरलं की कमी पडत नाही, टरबुजात ९२ टक्के आणि काकडीत ९५ टक्के पाणीच असतं. गोळ्यांचं विसरू नका, आपण दोन घोटांत गोळी गिळायला लावतो, तिथंच दिवसाचं दीड ग्लास पाणी सहज जाऊ शकतं.

बीपी असेल तर ताक-अंबील-सार सगळ्यात मीठ कमी. आणि जळजळ परत झाली, ताप आला, तर नुसत्या सरबतावर थांबू नका, लघवी तपासून घ्या.

मी ब्युरोतर्फे १२ तासांच्या ड्युटीवर एका बाबांना सांभाळते. त्यांना विसरण्याचा आजार आहे. पाणी दिलं की तोंड घट्ट मिटतात, कधी थुंकतात, कधी ग्लास उडवून देतात. घरचे संध्याकाळी येऊन विचारतात की पाणी का नाही पाजलं. मी काय करू?
— एक केअरटेकर ताई, छत्रपती संभाजीनगर

ताई, आधी बाबांचं तोंड उघडून बघा. खरंच सांगते, जीभ सोलली असेल, छाले आले असतील, कवळी टोचत असेल, दात ठणकत असेल तर ते सांगू शकत नाहीत, तोंड मिटणं हीच त्यांची भाषा. तोंड रोज साफ करा, ओठांना तूप लावा, मग पाण्याचं बघू.

‘बाबा, पाणी पिता का?’ असं विचारायचंच नाही. या आजारात प्रश्नाचं उत्तर पटकन ‘नाही’च येतं. त्यांच्या हातात कप द्या, वर आपला हात ठेवा आणि तोंडाकडं न्यायला लावा. तुमचाही कप घेऊन समोर बसा आणि तुम्ही प्या, बघून बघून तेही पितात, माणसाची ही जुनी सवय आजारातही बऱ्याच दिवस टिकते. काचेच्या ग्लासातलं पाणी त्यांना नीट दिसतही नसेल, स्टीलचा चकाकणारा पेला डोळ्यांना गोंधळात टाकत असेल, म्हणून लाल नाहीतर पिवळा, कानाचा, हलका कप घ्या. पाण्यालाही रंग-वास द्या, आमसुलाचं सार, पन्हं, बडीशेपेचं पाणी, शुगर नसेल तर वाळ्याचं सरबत. गार नको म्हणाले तर कोमट देऊन बघा.

आणि एका वेळी दोन घोट गेले तरी ते गेले. ग्लास संपवायच्या मागं लागू नका. अंग पुसून झालं की दोन घोट, कपडे बदलले की दोन घोट, गॅलरीत नेऊन बसवलं की दोन घोट. ज्या वेळी ते चिडलेले असतात त्या वेळी माघार घ्या, पंधरा-वीस मिनिटांनी परत या, तेव्हा त्यांना मघाचं भांडण आठवतही नाही. हात धरून, नाक दाबून, जबरदस्तीनं ओतायचं मात्र कधीच नाही, ते श्वासनळीत जाऊ शकतं.

एक वही ठेवा. किती वाजता, काय, किती घोट, लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची. ही वही तुमच्याही बाजूनं बोलते, संध्याकाळी कुणी विचारलं तर पुढं ठेवता येते, आणि रात्रपाळीच्या ताईला पण कळतं की दिवसभरात काय गेलंय.

घरच्यांनाही दोन शब्द. डायपर महाग पडतात म्हणून ‘पाणी जरा कमीच पाजा’ असं काही घरांत केअरटेकरला हळूच सांगितलं जातं. कृपा करून असं करू नका. पाणी तोडल्यानं लघवी घट्ट होते, त्वचेला जास्त झोंबते, संडास कडक होते, चक्कर येऊन पडणं होतं, माणूस जास्त बरळायला लागतं आणि मग आपणच म्हणतो आजार वाढला. आणि ताईला पण दुपारचा चहा, ताक विचारत जा, ती बाबांच्या समोर बसून पिणार असेल तर तिच्या हातात काहीतरी हवं ना.

वडिलांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, आता घरीच आहेत. पाणी पाजलं की ठसका लागतो, डोळ्यातून पाणी येतं. नातेवाईक म्हणतात ज्यूस पाजा, नारळपाणी पाजा. भीती वाटू लागली आहे.
— एक मुलगा, अंबाजोगाई

तुमची भीती बरोबर आहे आणि या पत्राला मी थांबून उत्तर देते. लकव्यात गिळण्याचे स्नायूपण कमजोर होतात. पाणी पातळ, पटकन सरकतं, गिळायची क्रिया सुरू व्हायच्या आत ते श्वासनळीकडं जातं. तिथून फुफ्फुसात, आणि मग न्युमोनिया. ज्यूस, नारळपाणी, चहा हे सगळं पाण्याइतकंच पातळ आहे, पाण्याला ठसका लागतो तर त्यालाही लागणार, म्हणून नातेवाइकांचं ऐकून पेयं बदलत बसू नका.

पहिलं काम म्हणजे गिळण्याची तपासणी. तुमच्या गावातच सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं डॉक्टरांना नाहीतर कान-नाक-घसा विभागात ‘गिळताना ठसका लागतो’ असं स्पष्ट सांगा, स्पीच थेरपिस्ट कुठं भेटतील ते विचारा. नाव स्पीच असलं तरी गिळण्याचं काम तेच बघतात. किती घट्ट द्यायचं, तोंडानं द्यायचं का काही दिवस नाकातल्या नळीनं, हे ते ठरवतील. पातळ पदार्थ घट्ट करायची पावडर मेडिकलवर मिळते, पण किती टाकायची ते त्यांनी सांगितल्यावरच. काही जणांना ठसका न लागताच पाणी आत जातं हे पण लक्षात ठेवा, पाजल्यावर आवाज ओला, घोगरा, गुळगुळ झाला, संध्याकाळी ताप यायला लागला, छातीत घरघर वाटली तर ते पाजणं थांबवून लगेच दाखवा.

तपासणी झाली आणि घट्टसर द्यायची परवानगी मिळाली की आपल्या घरात पर्याय आहेत. गाठी नसलेली, मिक्सरमधून काढून गाळलेली भाताची पेज, नाचणीची नाहीतर ज्वारीची सरसरीत खीर, फेटलेलं दही, गाळलेलं घट्ट वरण. याच्यातही पाणी आहेच. टरबूज, मोसंबीच्या फोडी, पातळ वरणात भिजवलेली भाकर हे सध्या नको, चावताना रस वेगळा होतो आणि चोथा वेगळा, असं दोन जातीचं एकत्र गिळणं सगळ्यात अवघड. सब्जापण नको. बर्फ, आइस्क्रीम, जेली घट्ट दिसतात पण तोंडात गेल्यावर पाणीच होतात, ते विचारल्याशिवाय देऊ नका.

पाजताना पूर्ण सरळ बसवा, पाठीला उशा लावा, हनुवटी जराशी छातीकडं. चमचा छोटा, चांगल्या बाजूनं द्यायचा, गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली दिसली की मगच पुढचा. नंतर अर्धा तास तसंच बसू द्या आणि तोंडात राहिलेलं साफ करा. आपल्याकडं तांब्या वर धरून, मान मागं टाकून धार सोडायची पद्धत आहे, ती या माणसांसाठी पूर्ण बंद. तोटीचा शिपरपण नको, त्यातही मान मागं जाते आणि धार भस्सकन येते. टीव्ही बंद ठेवा, त्यांना त्या वेळी बोलायला लावू नका.

आईला शुगर आहे, किडनी पण थोडी खराब सांगितली आहे. आमच्या शेतातली मोसंबी आहे, रोज रस देऊ का? नारळपाणी तर सगळेच आणतात.
— जालना

जालन्याची मोसंबी घरची असली तरी रस नको. रस काढताना तीन-चार मोसंब्यांची साखर एका ग्लासात येते आणि चोथा जातो. शुगर चढली की लघवी वाढते आणि अंगातलं पाणी उलट बाहेर पडतं, म्हणजे पाजलं ते गेलंच. नुसती शुगर असती तर एका मोसंबीच्या फोडी खा म्हटलं असतं. पण किडनी खराब म्हटलं की पोटॅशियम या क्षाराचं बघावं लागतं. नारळपाण्यात ते भरपूर असतं, एका शहाळ्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅमच्या घरात जाऊ शकतं, आणि किडनी ते बाहेर टाकू शकली नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. मोसंबी, टोमॅटोचं सार, डाळीचं पाणी यातही पोटॅशियम आहे. म्हणून भेटायला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की नारळपाणी आणू नका, आणि पोटॅशियमचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडून किती पाणी आणि काय काय चालेल हे लिहूनच घ्या. तोपर्यंत साधं पाणी, बिनसाखरेचा चहा, जिऱ्याचं किंवा पुदिन्याचं पाणी.

हृदय कमजोर असलेल्यांचं पण इथंच सांगते. डॉक्टरांनी दिवसाला लिटर-दीड लिटरचं बंधन घातलं असेल तर त्यात चहा, ताक, वरण, टरबूज सगळं धरायचं. या सदरातलं वाचून त्यांचं पाणी वाढवू नका. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं नाहीतर पायावर सूज आली तर त्याच दिवशी फोन करा.

मेडिकलवर ओआरएसचे तयार डबे मिळायचे, आजोबांना रोज एक देत होतो. आता दुकानदार म्हणतो नाव बदललं. मग ते चांगलं का वाईट?
— परभणी

ते डबे ओआरएस नव्हतेच, गोड पेय होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) प्रमाणात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायचा नाही असं एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं, म्हणून नावं बदलली. खऱ्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी असं मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे किती तरी जीव वाचवले, इतकं ते जबरदस्त आहे, पण ते औषध आहे. जुलाब, उलटी, उन्हात खूप घाम गेला तेव्हा द्यायचं. पाकीट मोठं असेल तर पूर्ण एका लिटरमध्ये, छोटं असेल तर त्यावर लिहिलेल्या मापात, अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकायचं नाही, आणि कालवलेलं २४ तासांनंतर फेकून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. बीपीच्या आजोबांना रोजचं पेय म्हणून हे अजिबात नको, त्यांना ताक द्या, मीठ न घालता.

आजी निर्जळी एकादशी सोडायला तयार नाहीत. वय ८२, बीपीची गोळी चालू. घरात रोज भांडणं.
— बीड

भांडू नका. त्यांच्यासाठी ते देवाचं काम आहे, तुम्ही रिपोर्ट दाखवून त्यांचं मन वळणार नाही. गावात ज्या महाराजांचं त्या ऐकतात त्यांना घरी बोलवा, आजारी आणि वयस्क माणसानं पाणी, औषध घेऊन उपवास केला तर चालतो हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. मग उपवासाचंच पातळ करून द्या, भगरीची पेज, शेंगदाण्याची पातळ आमटी, ताक, लिंबूपाणी. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर बिनपाण्याच्या दिवशी ते जास्तच त्रास देतं, त्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारून घ्या. रोजे धरणाऱ्या घरांतूनही हाच प्रश्न येतो, तिथंही आजारी आणि फार वयस्क माणसाला सूट आहे, फिदया (रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण) देता येतो, मौलानांशी बोलून घ्या.

पाणी कमी पडलंय हे ओळखायचं कसं? लोक म्हणतात हाताची कातडी ओढून बघा.
— उमरी, जि. नांदेड

म्हाताऱ्या हाताची कातडी तशीही सैलच असते, त्यावरून काही कळत नाही. जीभ आणि गालाची आतली बाजू बघा, कोरडी चिकट आहे का. लघवी गडद पिवळी, वासाची, नेहमीपेक्षा कमी वेळा. उठून बसलं की चक्कर. काखेत घामच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज अचानक भलतंच बोलतंय, दिवसा झोपूनच राहतंय. याला ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, दाखवा. दवाखान्यात रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) पण तपासतील. ते कमी निघालं तर घरी आपल्या मनानं मीठ-पाणी पाजू नका, कारण सोडियम काही जणांचं पाणी जास्त झाल्यानं कमी होतं, काहींचं बीपीच्या गोळीनं, आणि दोन्हीचा उपाय वेगळा आहे.

भर उन्हाळ्यात अंग तापलंय, माणूस शुद्धीवर नाही किंवा नीट ओळखत नाही, तर तोंडात थेंबभर पाणी टाकायचं नाही, गिळू शकणार नाही. १०८ ला फोन करा, सावलीत पंख्याखाली कुशीवर झोपवा, कपडे सैल करा, आणि गाडी येईपर्यंत मानेला, काखेत, जांघेत ओल्या कापडाच्या घड्या बदलत राहा.